हार्मोन्स ‘ट्राय’ करून बघायचेत? आधी काय जातं, मग काय येतं

हे बटण बघा. शर्टाचं साधं बटण, माझ्या बोटाच्या टोकावर मावतंय. इस्ट्रोजेन सुरू केल्यावर नवव्या आठवड्यात, आंघोळ करताना साबणाचा हात छातीवरून फिरला आणि डाव्या निपलच्या बरोबर मागे मला हे लागलं, एवढंच, गोल, थोडं कडक, आणि दाबलं तर असं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं. उजवीकडे काहीच नाही. मी तशीच ओल्या अंगाने उभी राहिले बराच वेळ, नळ चालूच. मी ट्रान्स बाई, म्हणजे जन्माला मुलगा म्हणून नोंद झालेली, आणि आजचा व्हिडिओ या बटणाच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांबद्दल आहे, कारण मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, की ताई, दोन-तीन महिने हार्मोन्स घेऊन बघू का, नाही पटलं तर बंद करेन.

घेऊन बघता येतं. बरेच जण तसंच करतात आणि त्यात चुकीचं काही नाही, आयुष्यभराचा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागत नाही. फक्त कुठली गोष्ट साधारण कधी होते आणि त्यातली कुठली मागे फिरते नि कुठली फिरत नाही, हे पहिल्या गोळीच्या आधी माहीत पाहिजे.

औषधं काय करतात ते पटकन सांगते. साधारण दोन गोष्टी असतात, एक इस्ट्राडिऑल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार, गोळी किंवा पॅच किंवा जेल किंवा इंजेक्शन, आणि बहुतेकदा जोडीला एक ब्लॉकर, म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन दाबणारं किंवा त्याचं काम अडवणारं औषध, स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरोन वगैरे. डॉक्टर ब्लड टेस्टमध्ये दोन आकडे बघतात, टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं का (आधी ते साधारण ३०० ते १००० मध्ये कुठेतरी असतं), आणि इस्ट्राडिऑल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास आहे का. आता यातली गंमत बघा, टेस्टोस्टेरॉन पडायला काही आठवडे पुरतात पण इस्ट्रोजेनला शरीरात नवं काही घडवायला महिने आणि वर्षं लागतात. म्हणून सुरुवातीला जे जाणवतं ते बहुतेक सगळं काहीतरी कमी होणं असतं. आधी जातं, मग येतं. हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर पहिला महिना मी आरशासमोर रडत काढला नसता.

काय जातं? सेक्सची इच्छा. पहिल्या एक ते तीन महिन्यांत बहुतेकांना हे जाणवतं, सकाळी आपोआप येणारं इरेक्शन कमी होतं, मग एक दिवस लक्षात येतं की आठवडाभर झालंच नाही, वीर्य पातळ आणि कमी होतं. काहींना हे नुकसान वाटतं, काहींना डोक्यात सतत चालू असलेला पंखा कुणीतरी बंद केल्यासारखं वाटतं, मला तसं वाटलं, खोलीत एवढा आवाज होता हे तो थांबल्यावर कळलं. दोन्ही वाटू शकतं, एकाच माणसाला एकाच दिवशी सुद्धा. आणि ज्यांना इरेक्शन हवंय त्यांनी हे डॉक्टरांना सरळ सांगायचं, लाजायचं नाही, त्यावर उपाय आहेत, डोस बदलता येतो, वेगळी औषधं असतात. आणि बरेच दिवसांनी इरेक्शन आलं की दुखू शकतं, घाबरू नका, पण सारखंच दुखत असेल तर दाखवा.

मग त्वचा. दुपारपर्यंत कपाळावर जो तेलकटपणा यायचा तो कमी होतो, काहींची त्वचा एवढी कोरडी पडते की आयुष्यात पहिल्यांदा मॉइश्चरायझर घ्यावं लागतं. डॉक्टरांच्या गाईडलाइनमध्ये हे तीन ते सहा महिने म्हणून लिहिलंय, पण बऱ्याच जणी सांगतात की त्यांना आधीच जाणवलं. घामाचा वास बदलतो असंही खूप जणी सांगतात, माझा बदलला, उशीचा अभ्रा धुवायला काढताना लक्षात आलं की हा वास माझ्या ओळखीचा नाहीये.

मनाबद्दल मला जरा जपून बोलायचंय. पहिल्या चार दिवसांत मला जे वाटलं, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं, ते खरंच वाटलं, पण तेव्हा रक्तात फारसं काही बदललंही नसेल. इतकी वर्षं अडवून धरलेली गोष्ट अखेर सुरू केली याचाच तो आनंद होता आणि त्याला मी खोटा म्हणणार नाही. पण ट्राय करून बघणारीने त्या चार दिवसांवर निर्णय घेऊ नये, आणि तिसऱ्या आठवड्यातल्या एखाद्या वाईट दिवसावरही घेऊ नये. रडू लवकर येणं, राग येण्याआधी वाईट वाटणं, हे बऱ्याच जणी सांगतात, सगळ्या नाही. पण उदासी दोन-तीन आठवडे हटतच नसेल, नको नको ते विचार येत असतील, तर ‘हार्मोन्समुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना फोन करा, त्याच दिवशी.

आता बटण. याला ब्रेस्ट बड म्हणतात, वयात येणाऱ्या मुलींना येते तीच गाठ, तशीच दुखरी. साधारण तीन ते सहा महिन्यांत येते, काहींना माझ्यासारखी आधी. एका बाजूला आधी आणि दुसऱ्या बाजूला काही आठवड्यांनी येणं अगदी नॉर्मल. पालथं झोपता येत नाही, सीटबेल्ट टोचतो, बॅगेचा पट्टा टोचतो. मी एकदा घाईत दाराच्या चौकटीवर आपटले आणि तोंडातून निघालं, ‘मेले!’ आयुष्यभर ‘मेलो’ म्हणत आले होते. विचार करून बोलले नव्हते ना, दुखलं तेव्हा जे आलं ते आलं. मी तिथेच दार धरून उभी, दुखतंय आणि हसू थांबत नाही. (निपलमधून काही स्राव येत असेल किंवा गाठ निपलच्या मागे नसून बाजूला कुठेतरी असेल, वाढत असेल, तर मात्र तपासून घ्या, अंदाज बांधत बसू नका.)

पण मागे फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या गोष्टींबद्दल मी सुरुवातीला म्हणत होते ना, त्यांच्यातली रेघ म्हणजे हे बटण. त्याआधी बंद केलं तर जे गेलं होतं ते बहुतेक परत येतं, इच्छा परत येते, त्वचा परत तेलकट होते, स्नायू परत भरतात. स्तनांची वाढ झाली की मात्र औषध बंद करून ती पूर्ण जात नाही, सुरुवातीची थोडी सूज उतरू शकते पण जे खरं वाढलंय ते राहतं, नको असेल तर ऑपरेशन. म्हणजे ट्रायची मुदत साधारण तुमच्या छातीवर ठरते, कॅलेंडरवर नाही. नॉनबायनरी मंडळी, म्हणजे जे स्वतःला पूर्ण बाई किंवा पूर्ण पुरुष मानत नाहीत ते, विचारतात की लो डोस घेतला तर सगळं येईल पण छाती नाही असं करता येईल का. कमी डोसने वेग कमी होतो पण कुठला बदल हवा नि कुठला नको हे डोसवरून निवडता येत नाही. आणि उलट बाजूने, डोस डबल करून वाढ डबल होत नाही, वाढायला दोन-तीन वर्षं लागतात ती लागतातच, वाढते ती फक्त रिस्क.

त्याहून मोठी रेघ आहे मूल होण्याची. माझ्या पहिल्या डॉक्टरांनी हे मला मी उठून दारापर्यंत गेल्यावर अर्ध्या वाक्यात सांगितलं, ‘आणि हो, फर्टिलिटीवर परिणाम होतो बरं का’, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मला अजून राग येतो त्याचा. शुक्राणू कमी होतात, बंदही होऊ शकतात, औषध थांबवल्यावर काहींचे परत येतात आणि काहींचे येत नाहीत, आणि तुम्ही कुठल्या गटात पडाल हे आधी कुणीच सांगू शकत नाही. म्हणून स्पर्म फ्रीझ करायचे असतील तर पहिल्या डोसच्या आधी. मी चिठ्ठी घरी आणून ठेवली, काही आठवडे थांबले, ते काम केलं, मग गोळी घेतली. आणि याची दुसरी बाजू, हार्मोन्स म्हणजे गर्भनिरोधक नाही, पार्टनरला गर्भ राहू शकत असेल तर कंडोम वापरायचाच.

जे होत नाही ते भराभर सांगते. आवाज बदलत नाही, एकदा फुटलेला आवाज इस्ट्रोजेनने परत बारीक होत नाही, त्याला आवाजाचा सराव लागतो. दाढी जात नाही, जरा मऊ होते, हळू वाढते, त्याला लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस. डोक्यावरचे केस गळायचे थांबतात पण गेलेले परत येतीलच असं धरून चालू नका. चेहरा, कंबर, मांड्या, इथली चरबी तीन ते सहा महिन्यांत कुठे बदलायला लागते आणि दोन-तीन वर्षं सरकत राहते. ताकद मात्र लवकर कळते, बरणीचं झाकण उघडेना तेव्हा मला कळली.

आणि आता जे सांगते ते नीट ऐका, कारण मला माहितीये की ऐकणाऱ्यांपैकी काही जण डॉक्टरशिवाय सुरू करायच्या विचारात आहेत, कुणाची अपॉइंटमेंट मिळत नाही, कुणाला घरी सांगता येत नाही, मला समजतं. गर्भनिरोधक गोळ्या खाऊन हे करू नका. त्यात बहुतेकदा इथिनाइल इस्ट्राडिऑल असतं, हे वेगळं इस्ट्रोजेन आहे आणि त्याने रक्ताची गुठळी होण्याचा धोका बराच जास्त, म्हणून या कामासाठी ते डॉक्टर वापरत नाहीत. सिगारेट ओढत असाल तर धोका अजून वाढतो. पॅच-जेल त्वचेतून जातं, लिव्हरला बायपास करून, म्हणून ज्यांना धोका जास्त त्यांना ते देतात. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागतेय, दुखतेय, किंवा अचानक दम लागला, छातीत कळ आली, तर उद्यावर ढकलायचं नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं आणि इस्ट्रोजेन घेतेय हे तोंडाने सांगायचं. ते काही विचारोत, काही म्हणोत, सांगायचं.

स्पायरोनोलॅक्टोन मुळात लघवी वाढवणारं, बीपीचं औषध, म्हणून सारखं बाथरूमला जावं लागतं, पटकन उठल्यावर चक्कर येते, आणि रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, त्यामुळे पोटॅशियमच्या सप्लिमेंट स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत आणि किडनीची टेस्ट चुकवायची नाही. सायप्रोटेरोनचं सांगायचं तर हार्मोनच्या डॉक्टरांची संघटना असलेल्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या गाईडलाइनमध्ये दिवसाला २५ ते ५० मिलिग्रॅम लिहिलं होतं, डब्ल्यूपॅथ, म्हणजे ट्रान्स आरोग्यावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेच्या गाईडलाइनच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीत १० मिलिग्रॅम आहे, कारण जास्त डोस बरीच वर्षं घेतल्याने मेंदूच्या आवरणात मेनिन्जिओमा नावाची गाठ होण्याचा धोका वाढतो हे समोर आलं. इंटरनेटवर फिरणारे जुने चार्ट अजून ५० च दाखवतात. तो चार्ट तुमच्या फोनमध्ये असेल तर डिलीट करा.

ब्लड टेस्ट पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी. इंजेक्शन घेत असाल तर रक्त कुठल्या दिवशी द्यायचं ते विचारून ठेवा, डोसच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा आणि पुढच्या डोसच्या आदल्या दिवशीचा आकडा यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा, काही मशीनवर त्याने इस्ट्राडिऑलचा आकडा चुकीचा येतो, टेस्टच्या किती दिवस आधी थांबवायचं ते डॉक्टर सांगतील. माझ्या तिसऱ्या महिन्याच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनसमोर लाल खूण होती, मी रात्रभर झोपले नाही, आणि निघालं काय तर लॅबने पुरुषांची रेंज लावली होती. टेस्टोस्टेरॉन पडलं की हिमोग्लोबिन थोडं उतरतंच, बायकांच्या रेंजमध्ये ते अगदी व्यवस्थित होतं.

ट्राय करायचं ठरवलंच तर एक वही घ्या. रोज फोटो काढू नका, तीन महिन्यांत फोटोत काही दिसत नाही आणि मन मात्र खचतं. रोज दोन ओळी लिहा, झोप कशी झाली, कशावर चिडले, शरीरात काय वेगळं वाटलं, कुणाशी बोलताना बरं वाटलं. आणि बंद करावंसं वाटलं तर बंद करा, डॉक्टरांना सांगून करा, माझी एक मैत्रीण दहाव्या आठवड्यात थांबली, दोन वर्षांनी परत सुरू केलं, दुसरी थांबली ती थांबलीच आणि ती आज छान आहे, तिने स्वतःला काही हरल्यासारखं वाटून घेतलं नाही.

माझ्या वहीत नवव्या आठवड्याचं पान आहे, हे बघा. तारीख, त्याखाली ‘डावीकडे बटण. दुखतंय.’ आणि त्याच्या खाली, वेगळ्या पेनाने, म्हणजे रात्री परत वही उघडली असणार, ‘उद्याची गोळी घेणार.’