आगीवर चालणारा फ्रिज: कॅम्पर व्हॅनमधला बंद पडलेला प्रोपेन फ्रिज मी कसा चालू केला

(व्हॅनच्या सरकत्या दारात बसून. मागे स्वयंपाकाचा ओटा, त्याच्या खाली फ्रिज.)

नमस्कार मंडळी. फ्रिजच्या तळाशी ही रुपयाच्या नाण्याएवढी काच दिसतेय? थांबा, आतला दिवा बंद करते. हं, आता बघा. करंगळीच्या नखाएवढी निळी ज्योत. एवढ्याशा ज्योतीवर हा अख्खा फ्रिज थंड राहतो. आईला साताऱ्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती ओरडलीच, "अगं, फ्रिजखाली आग लागलीय, आधी विझव ती!"

मे महिन्यात मात्र तीन आठवडे ही ज्योत टिकतच नव्हती. पेटली तर पिवळी, फरफर करायची आणि दहा मिनिटांत मान टाकायची. एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं फ्रिज बाहेर न काढताच सांगितलं, "कूलिंग युनिट गेलंय, नवा घ्या." नवा म्हणजे हजार डॉलरच्या वर. शेवटी आत निघालं काय, तर चमचाभर गंजाचा भुगा आणि कोळ्याचं एक जाळं. खर्च किती? स्पिरिटची एक बाटली आणि एका शनिवारची दुपार.

आता हा फ्रिज घरच्या फ्रिजसारखा नाही, हे आधी डोक्यात बसू दे. घरच्या फ्रिजला कॉम्प्रेसर असतो, तो घुर्र करतो. याला कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. मागच्या बाजूला नुसत्या वळणावळणाच्या लोखंडी नळ्या, कायमच्या बंद केलेल्या, आणि त्यांत तीन गोष्टी: अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. १९२२ साली स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकणाऱ्या बाल्ट्सार फोन प्लाटेन आणि कार्ल मुंतर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही रचना शोधली. पुढे इलेक्ट्रोलक्स कंपनीनं ती विकत घेऊन बाजारात आणली. (हलता भाग नसलेल्या फ्रिजचं एक पेटंट आइनस्टाइन आणि भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांच्याही नावावर आहे, अमेरिकेतलं, १९३० सालचं. पण त्याचा मार्ग वेगळा होता, आणि तो फ्रिज कुणाच्या घरात पोचला नाही.)

मग आगीतून गारवा येतो कसा? ज्योत तळाच्या बॉयलरला तापवते. तिथलं अमोनिया मिसळलेलं पाणी उकळतं, आणि चहाचे बुडबुडे पातेल्यात वर चढतात तसे अमोनियाचे बुडबुडे बारीक नळीतून पाण्याला वर ढकलत नेतात. पंपाचं काम हे बुडबुडेच करतात. अमोनिया वाफ होऊन आणखी वर जातो, मागच्या पातळ पत्र्यांवर निवतो आणि द्रव होतो. मग तो खाली फ्रिजच्या आतल्या भागात उतरतो, तिथं त्याला भेटतो हायड्रोजन. सगळी गंमत इथं आहे. नळ्यांमधला एकूण दाब खूप आहे, बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वीसपटाच्या आसपास. एवढ्या दाबाखाली अमोनिया सहजासहजी उडायला तयार नसतो. पण आतल्या भागात त्या दाबाचा बहुतेक भार हायड्रोजन उचलतो, अमोनियाच्या वाट्याला थोडाच येतो. मग तो शून्याखालीही भराभर उडतो आणि उडताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. दंडावर स्पिरिट लावलं की गार लागतं ना, तेच. पुढे पाणी अमोनियाला पुन्हा पिऊन टाकतं, हायड्रोजन मोकळा होऊन वर परततो, आणि चक्र सुरू.

हे एवढं का सांगितलं? कारण या नळ्यांत सगळं नुसतं उतारानं वाहतं. व्हॅन तिरकी उभी केली की द्रव वाटेतच साचतो, बॉयलर कोरडा तापत राहतो, आणि पाण्यात गंज रोखण्यासाठी घातलेलं सोडियम क्रोमेट आतच खडे धरून बसतं. तो बिघाड कायमचा. जुनी माणसं सांगतात, फ्रिज काढून उलटा करून ठेवा, त्यानं ढेकर दिली की सुटतो. कुणाचा सुटलाही असेल, पण ती आशा आहे, दुरुस्ती नाही. त्यापेक्षा गाडी उभी केल्यावर फ्रिजच्या तळावर पाणसळ ठेवा. मी तर चहाची बशी ठेवते, पाणी भरून.

तर आता निदान. ज्या दुरुस्तीवाल्यानं मला नवा घ्यायला सांगितलं, त्यानं हीच पायरी गाळली. हा फ्रिज तीन प्रकारे चालतो: गॅसवर, १२ व्होल्टवर आणि घरच्या विजेवर, अमेरिकेत १२० व्होल्ट. तिन्हींत फरक फक्त बॉयलर कशानं तापतो एवढाच. म्हणून गॅसला हात लावण्याआधी तो घरच्या विजेला जोडा, रात्रभर ठेवा. घाई करू नका, याला थंड व्हायला आठ-दहा तास सहज लागतात. तासाभरानं दार उघडून "गार नाही" म्हणणाऱ्यांनी फेकलेले चांगले फ्रिज मी पाहिलेत.

सकाळी माझा थर्मामीटर ३८ फॅरनहाइट दाखवत होता, म्हणजे साधारण ३ सेल्सियस. याचा अर्थ नळ्या शाबूत. आजार फक्त चुलीला, म्हणजे खालच्या बर्नरला.

उलट, विजेवरही थंड झाला नाही तर मागच्या नळ्या बघा. पिवळी पूड दिसली, किंवा नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर फ्रिज बंद, खिडक्या उघड्या, आणि स्वतः बाहेर. ती पिवळी पूड म्हणजे फुटलेल्या नळीतून आलेलं क्रोमेट, आणि ते विषारी आहे. त्या नळ्यांना वेल्डिंग करायचा विचारही नको, आत दाबाखाली हायड्रोजन आहे.

माझा रोग चुलीत होता, म्हणून चुलीकडे वळले. आधी गॅस येतोय का? टाकीची चावी हळू उघडायची. झटक्यात उघडली तर टाकीच्या जोडणीतली सुरक्षा झडप समजते की नळी फुटली, आणि गॅस अडवते. मग ओट्यावरची शेगडी पेटवा. ती नीट जळली तर नळीत हवा नाही, गॅस आहे. माझी शेगडी छान निळी जळत होती. म्हणजे अडथळा शेगडीच्या पुढे, फक्त फ्रिजच्या वाटेत.

(टेबलावर सुटे भाग मांडलेले.)

टाकी बंद. शेगडी पेटवून नळीत उरलेला गॅस जाळून टाकला. बॅटरीची वायर काढली. मग फ्रिजचे स्क्रू, मागची धुराड्याची नळी, आणि गॅसची पितळी जोडणी. ती खोलताना दोन पाने हवेत, एकानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं. एकाच पान्यानं जोर लावलात तर तांब्याची नळी पिळवटते आणि काम वाढतं. फ्रिज ओढून बाहेर काढायला दोघं लागलो. नवरा म्हणाला, "एवढंसं कपाट, एवढं जड?" लोखंडी नळ्या आहेत, काय करणार.

बर्नरची डबी उघडली आणि हा बघा ऐवज. धुराड्याच्या आतून वर्षानुवर्षं गळलेला गंज थेट बर्नरवर पडलेला. त्यावर कोळ्याचं जाळं. कोळ्यांना गॅसच्या नळ्या का आवडतात यावर बऱ्याच गोष्टी ऐकायला मिळतात, गॅसला वास यावा म्हणून जे मर्कॅप्टन मिसळतात त्याला दोष देतात. कारण काहीही असो, जाळं मात्र खरं. हवा अडली की ज्योत पिवळी होते, पिवळी ज्योत काजळी धरते, काजळी आणखी हवा अडवते. आणि हवेअभावी जळणारी ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते, म्हणून व्हॅनमध्ये त्याचा अलार्म नसेल तर आजच्या आज लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा छोटासा पितळी भाग, जेट. याच्या भोकातून गॅस येतो. माझ्या आजीच्या घासलेटच्या स्टोव्हला पिन मारायची मला लहानपणापासून सवय. हात आपोआप पिनेकडे गेला. नका मारू! स्टोव्हचं भोक थोडं मोठं झालं तर ज्योत जरा भडकते एवढंच. इथं भोक केसाएवढं आहे आणि त्याच्या मापावरच सगळा हिशोब. खरवडलं की ज्योत मोठी, काजळी जास्त, आणि तोच रोग पुन्हा. जेट रात्रभर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या आधी लावतात त्या स्पिरिटमध्ये, बुडवून ठेवा. मग हवेचा फवारा मारा. उजेडाकडे धरून गोल भोक दिसलं की झालं.

धुराड्यात एक पिळलेली पत्र्याची पट्टी लोंबत असते. ती काढून पुसली आणि होती त्याच उंचीवर परत टांगली. गरम धुराला ती भोवऱ्यासारखी फिरवते, त्यामुळे बॉयलरला उष्णता नीट मिळते. खूपजण ती "कसलातरी तुकडा" म्हणून फेकतात. मग फ्रिज गॅसवर कधीच नीट थंड होत नाही.

थर्मोकपलचं टोक बारीक पॉलिश पेपरनं हलकंच घासलं. ज्योतीत तापलं की हा थोडीशी वीज तयार करतो, वीस-तीस मिलिव्होल्ट, आणि तेवढ्यावर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली की झडप बंद. पेटवल्यावर बटण सोडलं की लगेच विझत असेल तर आधी याच्यावर संशय घ्या. माझा २६ मिलिव्होल्ट देत होता, ठणठणीत.

परत जोडताना या पितळी जोडण्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नका. इथं धातूवर धातू घट्ट बसतो, पट्टीमुळे उलट गळती होते. मग साबणाचं पाणी. प्रत्येक जोडणीवर फेस. बुडबुडा फुगला की गळती. काडी पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांना हात जोडून विनंती.

एवढं करूनही ज्योत लहान असेल तर दाब मोजा. गॅसचा दाब इथं पाण्याच्या इंचात मोजतात आणि तो ११ इंच हवा, म्हणजे टायरच्या हवेच्या मापात अर्धा पीएसआयसुद्धा नाही. पारदर्शक नळी यू आकारात वाकवा, अर्धी पाण्यानं भरा, एक टोक तपासणीच्या तोटीला जोडा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात ११ इंचांचा, साधारण २८ सेंटिमीटरचा फरक पडला की रेग्युलेटर ठीक. माझा साडेदहा निघाला. तेवढं चालतं, पण पुढच्या वर्षी बदलणार.

आणि उंची. मी राहते त्या अमेरिकेतल्या डेन्व्हरची उंची १६०९ मीटर, कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम ३७ मीटर कमी. तिथून आम्ही जातो लेडव्हिल या डोंगरातल्या गावी, साधारण ३,०९० मीटरवर. तिथली हवा समुद्रकाठच्या सत्तर टक्के. निरोगी ज्योतही तिथं कुरकुरते. त्यामुळे तिथं जमलं तर कॅम्पवर वीज घेते, आणि घाटात पेटला नाही म्हणून फ्रिजला शिव्या देत नाही.

आता पेटवते. चावी उघडली, बटण दाबलं... तीस सेकंद धरायचं... ठिणगी... पुन्हा... आलं! बटण सोडते. टिकलं. बघा, निळी, स्थिर, आवाज नाही.

एक प्रश्न मला प्रत्येकजण विचारतो: बाहेरच्या धुराच्या तोंडावर बारीक जाळी बसवू का, म्हणजे कोळी येणार नाही? नको. बारीक जाळी धुळीनं भरते आणि हवा अडते, म्हणजे कोळ्याचं काम आपणच करायचं. मी मार्चमध्ये थंडी ओसरली की बाहेरून हवेचा फवारा मारते आणि सगळ्यात आधी या काचेतून ज्योत बघते. गेल्या आठवड्यात फवारा मारला तेव्हा त्या तोंडातून एक कोळी बाहेर पडला, माझ्याकडे बघितलं आणि मागच्या चाकाखाली गेला. तो पुन्हा येईल.