४५ अंशांवरचा आरएनए

(दृश्य: मे महिन्यातली दुपार. नागपूरची रामदासपेठ. तोंडाला दुपट्टे बांधलेल्या स्कूटीवाल्या मुली.)

बाहेर ४५ अंश. आपण शिरतोय नागपुरातल्याच एका प्रयोगशाळेत. दारावर चौकीदार काका अडवतात, "मोबाईल, पाकीट इथंच ठेवा. एटीएम कार्ड खराब होऊन जाईन."

काकांचं खरं आहे. आत उभा आहे पिंपाएवढा चुंबक, १४.१ टेस्ला ताकदीचा. त्याची गुंडाळी उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडालेली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात आपण एमआरआय काढतो, त्याचंच हे थोरलं भावंड, एनएमआर, म्हणजे न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स. चुंबकात ठेवलेली अणुकेंद्रकं रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, हे १९४६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ब्लॉख आणि पर्सेल यांनी दाखवलेलं तत्त्व दोन्हीकडे एकच. ‘न्यूक्लिअर’ हा शब्द तेवढा दवाखान्यांनी गाळला. पेशंट उगाच घाबरायला नको!

इथे मात्र आत जाते पेन्सिलीहून बारीक काचेची नळी. तिच्यात अर्धा मिलिलिटर पाणी आणि विरघळलेला आरएनए, म्हणजे पेशींतला साखळीसारखा रेणू. तो आधी ९५ अंशांवर तापवून लगेच बर्फात ठेवलाय. म्हणजे शेजारच्या रेणूला न चिकटता तो स्वतःवरच दुमडतो, केसांच्या आकड्यासारखा.

सगळ्यात मोठी धास्ती घामाची. आरएनए कापणारी विकरं आपल्या कातडीवरच असतात. मे महिन्यात हातमोज्यांच्या आत हात चिंब असतात. एक थेंब नळीत पडला, की आठवडाभराची मेहनत पाण्यात.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर टोकदार रेघा.)

या रेघा इमिनो प्रोटॉनच्या. आरएनएच्या साखळीत ए, यू, जी, सी असे चार दुवे, म्हणजे बेस; जी सीशी जोडी जमवतो, ए यूशी. त्यांतल्या जी आणि यू या दोन बेसांवरचे हे हायड्रोजन. बेस मोकळा असेल तर त्याचा प्रोटॉन सतत पाण्याशी अदलाबदल करतो, रेघ दिसतच नाही. जोडीत बांधला गेला, की हायड्रोजन बंध त्याला धरून ठेवतो आणि १० ते १५ पीपीएमच्या (हे रेघेची जागा सांगणारं माप) पट्ट्यात रेघ उमटते. जी-सी जोडीची साधारण १२ ते १३.५ला, ए-यूची बहुतेक त्याच्या डावीकडे (इथे आकडे डावीकडे वाढत जातात). म्हणजे रेघा मोजल्या की जोड्यांचा अंदाज येतो. नळीत ९० टक्के साधं पाणी ठेवतात ते यासाठीच. सगळं जड पाणी (साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेलं) घातलं तर या रेघाच गायब.

आता नळी तापवूया.

१० अंश. सगळ्या रेघा जागेवर. २५ला टोकाच्या ए-यू जोडीची रेघ पसरट होते. टोकं आधी उसवतात, धोतराच्या काठासारखी. ३५ला ती दिसेनाशी. ४५ला, म्हणजे बाहेरच्या हवेएवढ्याच तापमानाला, मधल्या जी-सीच्या दोन रेघा तेवढ्या उरल्यात.

नळी पुन्हा १० अंशांवर आणली. थोडा वेळ थांबलो. डावीकडे, यूची रेघ परत.