आपल्यात चालत नाही

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय ते एका वाक्याबद्दल. आपल्या मराठवाड्यात हे वाक्य ऐकल्याशिवाय कुणी मोठं होत नाही. "आपल्यात असं चालत नाही." लेकरानं शेजारच्या रानातली काकडी तोडली की आजी म्हणते. सोयरिकीच्या बैठकीत देण्याघेण्यावरून आवाज चढला की कोपऱ्यातला म्हातारा म्हणतो. कारण कुणी सांगत नाही आणि विचारतही नाही. वाक्य संपलं की विषय संपतो.

अडचणीच्या वेळी माणूस नीतीची पुस्तकं आठवत बसत नसावा, असं मला वाटतं. तेवढी सवडच नसते. तेव्हा तोंडात येतं ते हेच वाक्य. ते माणसाला सावरतं, आणि कधी कधी घातही करतं.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, 1972 च्या दुष्काळात 19 वर्षांचे होते. पावसानं आधीपासूनच हात आखडता घेतला होता, बहात्तरला पाठच फिरवली. गावोगाव दुष्काळी कामं निघाली. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते, खडी. 1973 च्या मे महिन्यात राज्यभरात सुमारे 50 लाख माणसं अशा कामांवर होती. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर खायला सुकडी. मिलोच्या भाकरीची चव सांगताना अण्णा अजून तोंड वाकडं करतात. पुढं याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला, 1977 साली. पण तो नंतर. तेव्हा हातात होती ती हातोडी.

अण्णा मॅट्रिक झालेले, म्हणून त्यांच्या हाती हजेरीपट आला. काम खडी फोडायचं. बायका रांगेनं बसायच्या, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, डोक्यावर पदर पार नाकापर्यंत ओढलेला, कारण कपच्या डोळ्यात उडायच्या. सांजच्याला ढीग मोजायचा आणि मापाप्रमाणं मजुरी लिहायची.

पहिला पंधरवडा संपत आला तसं वरच्या एका माणसानं अण्णांना बाजूला घेतलं. पटावर बारा नावं जादा घाल म्हणाला. त्यातली दोन तर मेलेल्यांची होती. पैसे निम्मे निम्मे. अण्णांच्या घरी तेव्हा कणगीचा तळ दिसत होता, बैलजोडी मिळेल त्या भावात गेलेली. अण्णा म्हणाले, "आमच्यात चालत नाही." तो हसला. म्हणाला, "दुष्काळात कुणाच्यात काय चालत नाही रे?" त्यानंतर अण्णांचीच मजुरी महिनाभर अडकली.

एवढी गोष्ट मी लहानपणी शंभर वेळा ऐकली. शाळेत निबंधात लिहून बक्षीसही घेतलं. पुढचं मात्र अण्णांनी फार उशिरा सांगितलं, मी स्वतः बाप झाल्यावर.

त्याच पटावर त्यांनी रोज एक खोटी नोंद केली होती. एक पोटुशी बाई कामावर होती. दिवस भरत आलेले, नवरा दूर कुठं गेलेला. तिचा ढीग दुसरीच्या निम्म्यानंही व्हायचा नाही. अण्णा तिचं माप पूर्ण लिहायचे. ती बाळंतपणाला जाईपर्यंत, तीन आठवडे. मी म्हणालो, "अण्णा, मग हे खोटं नव्हतं का?"

"होतं की," ते म्हणाले. "मी कुठं नाही म्हणलो?"

मला या उत्तराचं फार अप्रूप आहे. आपण एखादं खोटं दयेपोटी केलं, की लगेच त्याला पुण्याचं लेबल लावतो. अण्णांनी लावलं नाही. तिच्या जागी दुसरी कुणी अडलेली आली असती तर काय केलं असतं, हेही त्यांना सांगता आलं नाही. "त्या येळंला सुचलं तसं केलं," एवढंच.

आता त्या कामावरचं पाणी. तिथं दोन रांजण होते. एक झाडाच्या सावलीत, जवळ. दुसरा लांब, उघड्यावर, दलित मजुरांसाठी. ऊन तेच होतं, खडी तीच होती. अण्णा पटावर सगळ्यांची नावं एकाखाली एक लिहायचे, पण तहान लागली की माणसं दोन दिशांना उठायची. मी विचारलं, "तुम्ही काही बोलला नाहीत?" ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तेव्हा आमच्यात तसंच चालत होतं."

वाक्य जवळपास तेच, बघा. मेलेल्यांची नावं लिहू न देणारं, आणि जिवंत माणसाला रांजणाजवळ येऊ न देणारं. बाबा आढाव त्याच सुमारास 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरत होते. अण्णांच्या कामावर कुणी तसं सांगायला आलं नाही, आणि अण्णाही स्वतःहून उठले नाहीत.

मला यावर किल्लारीकडची माळवदाची घरं आठवतात. जाड दगडी भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर मातीचा थर. उन्हाळ्यात आत गार. पाऊस गळू नये म्हणून वरचेवर आणखी माती टाकायची, बापानं टाकली तशी लेकानंही. थर वाढत गेला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून माणसं झोपली होती, तेव्हा भूकंप झाला आणि तीच माती अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास 8000 माणसं गेली. ज्या छपरानं पिढ्यान् पिढ्या ऊन अडवलं, ते किती जड झालंय हे कुणी वर चढून बघितलंच नव्हतं.

पैठणच्या नाथांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. काशीची कावड रामेश्वराला न्यायची, आणि वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं. नाथांनी गंगा त्याला पाजली. कीर्तनात इथं टाळ्या पडतात. मला वाटतं, गाढवाला पाणी पाजणं त्यात फार अवघड नव्हतं. अवघड होतं ते सोबतच्यांच्या देखत पाजणं. त्यांच्यात ते चालत नव्हतं.

हे सगळं मी मोठ्या तोंडानं सांगतोय, तर माझंही सांगतो.

2016 साली आम्ही लातुरात होतो. मांजरा धरण कोरडं. मार्चमध्ये पाणी भरायच्या जागांवर जमावबंदीचं 144 कलम लागलं, लोक घागरींवरून डोकी फोडतील म्हणून. 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. त्याच आठवड्यातली गोष्ट. आम्ही टँकर विकत घेतला होता आणि हौद नुकताच भरला होता. फाटकाशी एक बाई आली. कडेवर लेकरू, हातात घागर. "भाऊ, एक घागर द्या की." मी म्हणालो, "आम्हालाच पुरत नाही, बाई." टँकरचा पाइप गळका होता, फाटकासमोर ओल पसरलेली. तिनं त्या ओलीकडं बघितलं, माझ्याकडं नाही. आणि गेली.

मी वाईट माणूस नाही, असं माझं मत आहे. निबंधाचं बक्षीस सांगितलंच. पण त्या क्षणी माझ्या तोंडात अण्णांचं वाक्य आलं नाही. हिशोब आला. सहा माणसं, दहा दिवस.

रात्री जेवताना अण्णांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. भाकरी मोडत राहिले. सकाळी उठून बघतो तर फाटकाबाहेर निळं टिपाड, निम्मं भरलेलं, वर परात झाकलेली आणि परातीवर एक तांब्या. अण्णा पायरीवर पेपर वाचत बसलेले.

दिवसभरात कोण कोण येऊन गेलं. शाळेतून परतणारी पोरं, भंगारवाला, गल्लीतल्या चार-दोन घागरी. अण्णांनी कुणाला कुठला, कोणाचा, विचारलं नाही. महिनाभर ते टिपाड तिथं होतं, आणि संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी आधी तिकडं बघायचो.

ती बाई काही परत आली नाही.