हडळ कुणाची कोण होती?

(माहितीपटाचं निवेदन. दृश्य : लालबागमधली जुनी चाळ. रात्र. लांबलचक गॅलरी, टोकाला एकच बल्ब.)

माझं लहानपण या गॅलरीत गेलं. आमची खोली या टोकाला, संडास त्या टोकाला, मध्ये अठरा दारं. रात्री जायची वेळ आली की मी आजीला उठवायचो. आजी देवगडकडची. ती बादली उचलायची, पुढे चालायला लागायची आणि चालता चालता हडळीची गोष्ट सांगायची. आधीच भ्यालेल्या पोराला कुणी असली गोष्ट सांगतं का? पण तीच गोष्ट मी दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायचो.

तिची हडळ विहिरीच्या काठावर पाठमोरी बसलेली असायची. केस मोकळे. हातात हिरवा चुडा. मांडीवर लुगड्याच्या धडप्यात काहीतरी गुंडाळलेलं. ते काय आहे, हे आजीनं कधीच सांगितलं नाही. तिथवर आलं की संडासाचं दार यायचं आणि गोष्ट थांबायची.

आजीच्या बाराव्याला आई सहज बोलून गेली, की आजीला एक धाकटी बहीण होती. पहिल्या बाळंतपणात गेली. तिचा फोटो नाही. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. साठ वर्षं आजी तिच्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

की बोलत होती? रोज रात्री, हातात बादली धरून?

(दृश्य : जुन्या पुस्तकाची पिवळी पानं उलटणारा हात.)

१९१५ साली मुंबईत कोकणातल्या लोकसमजुतींचं एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. त्यातली माहिती गावोगावच्या शाळामास्तरांकडून मागवली होती ए. एम. टी. जॅक्सन यांनी. नाशिकचे कलेक्टर, ज्यांना १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली, तेच हे जॅक्सन. त्यांच्या मागे राहिलेली टिपणं आर. ई. एन्थोवेन यांनी लावली आणि छापली.

अशा नोंदी आणि आपापल्या आजीच्या गोष्टी शेजारी ठेवून बघा. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण लग्नाआधी गेलेला मुलगा. तो पिंपळावर राहतो. जखीण म्हणजे नवरा जिवंत असताना गेलेली सवाष्ण. समंध म्हणजे ज्याच्या मागे क्रियाकर्म करायला कुणी उरलं नाही तो. गिऱ्हा पाण्यातला. आणि बाळंतपणात गेलेली ती हडळ, तीच आळवंत.

प्रत्येक नावामागे मरणाचा एकेक प्रकार आहे. जी माणसं अवेळी गेली, ज्यांचं दुःख करायलाही घरात जागा नव्हती, ती इथे भुतं होऊन राहिली. त्या काळी किती बाळंतिणी दगावल्या, हे सरकारी कागदात सापडेल न सापडेल. पण त्यांच्यासाठी गावाला एक नाव पुरलं नाही, दोन लागली, एवढं भाषेत शिल्लक आहे. भीतीच्या गोष्टीचं मोल काय, असं मला कुणी विचारलं तर मी आधी हे दाखवेन.

(दृश्य : चिंचपोकळी. कस्तुरबा रुग्णालयाची भिंत, बाहेर सकाळची गर्दी.)

आता शहराची गोष्ट. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. मग घरोघर झडत्या, माणसं उचलून रुग्णालयात. आणि चाळींतून एक अफवा फिरायला लागली, की रुग्णालयात माणसाला उलटं टांगतात, खाली विस्तव पेटवतात आणि डोक्यातून थेंब थेंब तेल काढतात. ऑक्टोबर संपता संपता गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. तेच आजचं कस्तुरबा.

तेल कुणीच काढत नव्हतं. पण आत गेलेलं माणूस बहुतेक वेळा परत येत नव्हतं, हे खरं होतं. आपल्या माणसाच्या देहावर आपला हक्क उरला नाही, हेही खरं होतं. त्या भीतीला बसायला जागा मिळाली नाही, म्हणून ती दगड घेऊन रस्त्यावर आली.

मला अफवा आणि गोष्ट यांतला फरक इथे दिसतो. अफवा म्हणते, हे खरं आहे, ऊठ, चल. गोष्ट म्हणते, बस, ऐक. भीती दोन्हीत तीच. गोष्टीत मात्र ती सांगणाऱ्याच्या आवाजाला धरून येते आणि त्याच आवाजाबरोबर संपते.

(दृश्य : दादर, शिवाजी मंदिर. पडदा बंद. पहिल्या रांगेतली मुलं.)

हे ज्यांना नेमकं कळलं होतं असे एक मुंबईकर म्हणजे रत्नाकर मतकरी. जन्म १९३८ चा. वीस वर्षं बँकेत नोकरी केली आणि गूढकथा लिहिल्या. त्यांच्या कितीतरी कथांत पडका वाडा नसतो, स्मशान नसतं. तुमच्या-आमच्यासारखं दोन खोल्यांचं घर असतं आणि त्या घरात न बोललेलं काहीतरी असतं. वाचून झालं की स्वतःच्या घरातल्या माणसांकडे बघायची नजर बदलते.

याच माणसानं मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ लिहिलं. त्यातली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली. ती आजही रंगमंचावर आली की थिएटरमध्ये काय होतं ते बघा. आम्ही कॅमेरा मुलांकडे वळवून ठेवला होता. पाचेक वर्षांची एक मुलगी. चेटकीण आली, तशी तिनं दोन्ही हातांनी डोळे झाकले. मग एक बोट बाजूला झालं. मग दुसरं. दुसरा हात कधीचाच आईच्या दंडावर गेला होता. चेटकीण आत गेल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, “परत कधी येणार?”

मोठ्यांना हे सुख लपूनछपून घ्यावं लागलं. नारायण धारपांची भयकथांची पुस्तकं वाचनालयांत बाइंडिंग सुटेपर्यंत फिरली, आणि समीक्षेच्या लेखी ती करमणूकच राहिली. मला ते कधी पटलं नाही. माणूस ज्याला सगळ्यात जास्त भितो त्याबद्दलचं लेखन हलकं कसं?

एक आक्षेप मात्र मी मनापासून ऐकतो. भुताच्या गोष्टींनी अंधश्रद्धा वाढते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्या बाईला चेटकीण ठरवून मारहाण होते, तेव्हा ती गोष्ट उरत नाही. म्हणून म्हातारीला, विधवेला, काळ्या बाईला नुसतं घाबरवायला भूत बनवून मोकळी होणारी भयकथा मला चालत नाही. ती आळशी असते आणि क्रूरही. पण भोंदू बाबा म्हणतो, तुझ्या भीतीवर माझ्याकडे उपाय आहे, पैसे काढ. चांगली भयकथा उपाय विकत नाही. ती भीतीचा पत्ता सांगते.

(दृश्य : रिकामा रस्ता, २०२०. मोबाइलवर काढलेलं, हलतं चित्रण.)

२०२० च्या मे महिन्यात मतकरी गेले, कोरोनानं. त्याच महिन्यात माझे काका गेले. आम्हाला दिसलं ते चेन लावलेलं प्लास्टिक. त्यांचा मोबाइल रुग्णालयातून परत आलाच नाही. चुलतभाऊ वर्षभर त्या नंबरला फोन लावत राहिला. पुढे त्यानं सात मिनिटांची एक भयकथा स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केली. एका मुलाचा असाच फोन एके रात्री उचलला जातो. पलीकडे कुणी बोलत नाही, फक्त मशीनचा श्वास ऐकू येतो. त्यानं ती घरात सगळ्यांना ऐकवली. काकूंनी ती दोनदा ऐकली. मग त्या रडल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

(दृश्य : पुन्हा तीच गॅलरी. आई पाटावर, समोर नात.)

शूटिंगच्या शेवटच्या रात्री मी आईला आजीची गोष्ट सांगायला लावलं. माझी मुलगी समोर बसली होती. विहीर आली, मोकळे केस आले, हिरवा चुडा आला. आई मांडीवरच्या धडप्यापाशी आली आणि सवयीनं थांबली.

“आजी, ते बाळ होतं ना?” मुलीनं विचारलं. “ते जगलं का?”

आई बराच वेळ गप्प होती. खाली रस्त्यावरून एक बस गेली.

“आठ दिवस,” ती म्हणाली. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “बंद करू नकोस. नाव सांगते तिचं.”