शिळावर्तुळात कोणाला जागा मिळाली?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

४ सप्टेंबर १८६३. नागपूरच्या दक्षिणेला, बुटीबोरीच्या बाजूला टाकळघाट नावाचं गाव आहे. तिथली जुनी दगडी वर्तुळं बघायला दोन साहेब आले होते. एक रिचर्ड टेंपल, मध्य प्रांताचा कारभार बघणारे. दुसरे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडहून आलेले मिशनरी. टेंपल पुढे निघाले, हिस्लॉप गावची शाळा तपासायला मागे राहिले. परतीच्या वाटेवर नाल्याला पूर आला होता, त्यात ते वाहून गेले. नागपूरकर त्यांना कॉलेजच्या नावामुळे ओळखतात. भूशास्त्र शिकणारी मंडळी खडकांवरच्या त्यांच्या कामामुळे ओळखतात. पण त्यांचा शेवटचा दिवस गेला तो अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कबरी बघण्यात, हे फारसं कोणाच्या ध्यानात नसतं.

आज बोलायचंय ते या कबरींबद्दल. नागपूरहून काटोल रोडनं दहा-बारा किलोमीटर गेलात की जुनापाणी लागतं. तिथे सुमारे ३०० वर्तुळं आहेत. पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास विचारतो, "कुठे आहेत?" आणि तो त्यांच्यातच उभा असतो. इजिप्तचे पिरॅमिड डोक्यात घेऊन गेलात तर पदरी निराशाच येईल. काळ्या दगडाच्या मोठ्या शिळा गोलाकार मांडलेल्या, आत मुरूम, गोटे आणि माती यांचा बुटका उंचवटा. काही वर्तुळं पाच-सहा मीटर व्यासाची, काही वीस मीटरच्याही पुढे. गवत वाढलं की शिळांची टाळकी तेवढी दिसतात. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या अधिकाऱ्यानं १८६७ साली यातली काही उकरली आणि १८७९ साली त्यावर लेख लिहिला. काही शिळांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीनं कोरलेले आहेत, तेही त्यानं नोंदवलं. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तिथे तीन वर्तुळं शास्त्रशुद्ध रीतीनं खोदली.

मग आले पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव. विदर्भाच्या महापाषाणीय, म्हणजे मोठ्या शिळांच्या कबरी रचणाऱ्या लोकांच्या, संस्कृतीचं आपलं बहुतेक ज्ञान देवसरांच्या पिढीनं उभं केलंय. त्यांनी नागपूरच्या परिसरात टाकळघाट-खापा, माहुरझरी, नंतर अ. प्र. जामखेडकरांबरोबर नैकुंड ही ठिकाणं खोदली. टाकळघाटला वस्ती सापडली आणि जवळच खाप्याला तिची वर्तुळं. ढोबळ काळ इ.स.पू. १००० ते ३००. म्हणजे उत्तरेत बुद्ध फिरत होते तेव्हा इकडे ही वर्तुळं रचली जात होती.

आत काय असतं? हाडं, पण क्वचितच सबंध सांगाडा. बऱ्याच वेळा मृताला आधी दुसरीकडे कुठे तरी ठेवत आणि मग उरलेली हाडं गोळा करून इथे आणत. एका वर्तुळात दोघा-तिघांची हाडंही मिळतात. बरोबर काळी-तांबडी भांडी. तांब्याची झाकणं, आणि काही झाकणांच्या मुठीवर चिमुकला पक्षी बसवलेला. आणि लोखंड, भरपूर लोखंड. सुरे, छिन्न्या, भाल्यांची पाती, आणि कुऱ्हाडी. या कुऱ्हाडी चपट्या असतात आणि दांड्याला घट्ट बसाव्यात म्हणून त्यांना आडव्या लोखंडी पट्ट्यांचं कडं घातलेलं असतं. ही खास विदर्भाची पद्धत.

हे लोखंड बाहेरून आलेलं नव्हतं. नैकुंडच्या वस्तीत, पेंच नदीकाठी, लोखंड गाळायची भट्टी सापडली. गोलाकार, बाकदार विटांची. शेजारी लोखंड गाळून उरलेल्या मळीचे ढीग. तिथल्या माणसाला एका कुऱ्हाडीमागचे कष्ट नेमके माहीत होते: दगड वेचायचा, कोळसा पाडायचा, भाता हलवायचा, तापलेला गोळा ठोकून ठोकून त्यातली घाण काढायची. ती कुऱ्हाड तो जमिनीत पुरून टाकतोय. आपण संग्रहालयात काचेपलीकडे गंजलेला तुकडा बघून पुढे सरकतो. मला तिथे थांबावंसं वाटतं. कामाची, धार असलेली वस्तू मुद्दाम वापरातून काढून टाकायची, तीही सगळ्या गावादेखत, याला त्या घराची ऐपत लागते आणि ती ऐपत दाखवायची गरजही लागते.

आता एक ढोबळ हिशोब करू. जुनापाणीला ३०० वर्तुळं. तीनशे वर्षं तिथे दफनं होत होती असं धरलं, तर वर्षाला सरासरी एक वर्तुळ. शंभर माणसांच्या खेड्यातही त्या काळी वर्षाला तीन-चार माणसं जात असणार. एका वर्तुळात दोघं-तिघं धरली, काही वर्तुळं मोडून गेली म्हणून आकडा वाढवला, तरी परिसरातल्या सगळ्या वस्त्यांचा हिशोब यात बसत नाही. अर्थ उघड आहे. वर्तुळ सगळ्यांसाठी नव्हतं. बाकीच्यांना जाळलं, उघड्यावर ठेवलं की नुसत्या खड्ड्यात पुरलं, त्याची खूण जमिनीवर राहिली नाही. आणि लहान मुलं? ती वर्तुळांत फारशी भेटत नाहीत. कोवळी हाडं लवकर विरतात, हे मान्य. तरीही हा फरक नजरेत भरतो, कारण याच महाराष्ट्रात, जवळजवळ त्याच सुमारास, चित्र नेमकं उलटं होतं.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठचं इनामगाव. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथे वर्षानुवर्षं खोदकाम केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची शेतकऱ्यांची वस्ती. दफनं अडीचशेवर, आणि त्यांत बहुसंख्य लहान मुलं. मूल गेलं की दोन रांजण घ्यायचे, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, मूल आत, आणि राहत्या घराच्या जमिनीखाली पुरायचं. वरून पुन्हा सारवायचं. त्याच जमिनीवर चूल, त्याच जमिनीवर झोपायचं. नेवाशाला असंच एक मूल मिळालं, गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ. मण्यांतून निघालेल्या दोऱ्यात रेशीम आणि कापूस होता. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी गोदावरीच्या खोऱ्यात कोणी तरी गेलेल्या लेकराच्या गळ्यात रेशमात ओवलेली माळ राहू दिली.

दात न आलेल्या मुलाला आजही आपल्याकडे अग्नी देत नाहीत, पुरतात. ती प्रथा इनामगावातूनच आली असं मी म्हणणार नाही. मध्ये अडीच-तीन हजार वर्षं आहेत आणि एवढ्या लांबचा धागा ओढायला गेलं की तो हातात तुटतो. पण मूल आणि मोठं माणूस यांचं जाणं वेगळं मानायचं, ही जाण जुनी आहे एवढं खरं.

इनामगावची मोठी माणसं खड्ड्यात उताणी, डोकं उत्तरेकडे. आणि घोट्याखालचे पाय तोडलेले. हे ऐकून सभागृहात नेहमी एक चुळबुळ होते. ढवळीकरांचं म्हणणं असं की मेलेल्यानं उठून चालू लागू नये, घर सोडून जाऊ नये, म्हणून हे केलं असावं. भुताच्या भीतीनं म्हणा किंवा मायेपोटी म्हणा. मला त्यात माया अधिक दिसते. ज्याची भीती वाटते त्याला माणूस गावाबाहेर नेतो, चुलीशेजारी ठेवत नाही.

याला अपवाद ठरलेला एक गृहस्थ आहे. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं घर, त्याला लागून धान्याचं कोठार. त्या घराच्या अंगणात कच्च्या मातीचा, चार पायांचा, पोट सुटलेल्या माणसासारखा फुगीर रांजण मिळाला. आत चाळिशीकडे झुकलेला पुरुष मांडी घालून बसवलेला. पाय शाबूत! बरोबरच्या भांड्यावर लांब वल्ह्यांची होडी रंगवलेली. आणि त्याच जागी खालच्या थरात तसाच दुसरा रांजण होता, पण त्यात सांगाडा नव्हता. घरातला कोणी परमुलखात गेला असेल, देह हाती लागला नसेल, तरी विधी करावाच लागला असेल, असा त्याचा एक अर्थ लावतात. मला तो पटतो. देहाशिवायही अंत्यविधी होतो, कारण तो मागे राहिलेल्यांना उरकायचा असतो. त्या घराचा मान पुढच्या पिढीला मिळायचा तर चार पायांचा रांजण अंगणात बसायलाच हवा होता, मग तो रिकामा का असेना.

म्हणून कबर बघताना मी आधी मेलेल्याकडे बघत नाही. खड्डा कोणी खणला, शिळा कोणी ओढल्या, कोणाला बोलावलं आणि त्यातून काय सांगायचं होतं, तिकडे बघतो. घोडनदीकाठी उत्तर ठरतं घरात, सारवलेल्या जमिनीवर. जुनापाणीला ते ठरतं उघड्या माळावर, चार गावांच्या देखत. इनामगावात प्रत्येक घराचं तान्हं मोजलं जातं. जुनापाणीला निवडक माणसं.

आता घोडा. तो टाळून विदर्भावर बोलताच येत नाही. माहुरझरीला घोड्याची हाडं आहेत, लोखंडी लगाम आहेत, आणि घोड्याच्या तोंडावर बांधायचा तांब्याच्या पत्र्याचा साज आहे. हा दागिना खेड्यातल्या ओझ्याच्या घोड्याचा नव्हे. बहुतेक वेळा सबंध घोडा पुरलेला नसतो. कवटी, दात, पायांची हाडं असतात. बाकीचा घोडा कुठे गेला? खाल्ला असावा, असं मला वाटतं. एवढ्या शिळा ओढायला माणसं जमवली तर त्यांना जेवू घालावं लागणारच.

घोडा दिसला की काही जण लगेच मध्य आशियाचं तिकीट काढतात. सायबेरियात तुवा प्रदेशात अरझान नावाची मोठी कबर आहे, इ.स.पू. नवव्या शतकाच्या शेवटाची. लाकडी कप्प्यांच्या चक्रात राजा आणि त्याच्याबरोबर सुमारे १६० घोडे. शक लोक राजाबरोबर घोडे कसे मारून पुरत, त्याचं वर्णन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनंही करून ठेवलंय. गवताळ प्रदेशात घोड्याचं डोकं आणि खूर तेवढे पुरायची रीतही होतीच. पण रीत प्रवास करते म्हणून लोकही सगळेच्या सगळे आले, असं होत नाही. माहुरझरीची भांडी इथली, लोखंड इथलं, शिळा इथल्या. घोडा महाग होता, बाहेरून यायचा, म्हणूनच त्याला मान होता. तेवढ्यानं कोडं सुटतंय, तर टोळीच्या टोळी हिंदुकुशावरून आणायचं कारण मला दिसत नाही.

ग्रंथांकडे वळलं की आणखी एक घाई होते. शतपथ ब्राह्मणात म्हटलंय की देवांना मानणारे लोक श्मशान चौकोनी करतात. असुर, पूर्वेकडचे आणि तसलेच इतर ते गोल करतात. झालं, गोल म्हणजे आमचं विदर्भ! अहो, तिथे पूर्वेकडचे म्हटलंय. मगधाच्या बाजूच्या लोकांना मारलेला टोमणा आहे तो. त्यातून एवढंच घ्यावं की कबरीचा आकार हा तेव्हाही "आम्ही" आणि "ते" ठरवण्याचा विषय होता.

त्यापेक्षा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं अठरावं सूक्त वाचा. अंत्यसंस्काराचं आहे. त्यात भूमीला विनवलंय की आई पदरानं लेकराला झाकते तसं याला झाक. आणि त्याच सूक्तात आधी म्हटलंय: जिवंतांसाठी मी ही हद्द घालतो, मृत्यू आणि यांच्यामध्ये पर्वत असू दे. एकीकडे पांघरूण, दुसरीकडे कुंपण. हे सूक्त विदर्भातलं नाही आणि जुनापाणीच्या लोकांनी ते ऐकलं होतं असंही मी सुचवत नाही. पण मृताबद्दलची ही दुहेरी भावना एका श्वासात इतकी स्पष्ट मांडलेली मला दुसरीकडे क्वचितच दिसली.

श्रोत्यांतून दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: शिळांवरचे ते खळगे आकाशाशी जोडता येतात का? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी जुनापाणीच्या खळग्यांच्या शिळा मोजल्या. त्या वाटेल तशा विखुरलेल्या नसून ठराविक दिशांना बसवलेल्या दिसतात, असं त्यांचं निरीक्षण आहे. मांडणी जाणीवपूर्वक होती हे मला मान्य. तिथून थेट वेधशाळेपर्यंत मात्र मी जाणार नाही.

दुसरी चिठ्ठी: गडचिरोलीतले माडिया आदिवासी आजही मृतांसाठी दगड उभे करतात, मग तेच या लोकांचे वंशज का? सरळ वंशरेषा काढता येईल असा पुरावा आपल्यापाशी नाही. पण माडियांकडून शिकण्यासारखं आहे ते वेगळंच. दगड उभा करणं हे एका घराचं काम नसतं, नातलग लागतात, गाव लागतो, जेवण लागतं, आणि ते सगळं जमून येईपर्यंत वेळ जातो. मृत्यूचा दिवस आणि दगडाचा दिवस एक नसतो.

हे डोक्यात ठेवून जुनापाणीच्या सुट्या हाडांकडे पुन्हा बघा. आधी देह दुसरीकडे, नंतर हाडं वर्तुळात. मधला काळ किती? विदर्भातली काळी माती पावसाळ्यात ज्यानं तुडवली आहे त्याला सांगायला नको की आषाढात त्या चिखलातून शिळा ओढता येत नाही. पुढे पिकं उभी असतात, माणसं शेतात गुंतलेली. माझा अंदाज असा की वर्तुळं उन्हाळ्यात रचली जात. वर्षभरात गेलेल्यांची हाडं तोवर वाट बघत. हा अंदाज तपासता येण्यासारखा आहे. घोड्याच्या दाताच्या मुळावर ऋतूगणिक थर चढत जातात, आणि शेवटचा थर बघून तो जनावर कोणत्या ऋतूत मारला ते सांगता येतं. जुन्या उत्खननांतले दात या नजरेनं पुन्हा काढून बघायला हवेत. सगळे घोडे चैत्र-वैशाखातले निघाले तर माझं म्हणणं टिकलं. भाद्रपदातले निघाले तर मला नव्यानं विचार करावा लागेल.