सनद शोधणारा खजिनदार

सकाळची पहिली बोट स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या सरोवरावरल्या धक्क्यावरून सुटते. डाव्या हाताची गावं एकेक करून मागे पडतात. काठाकाठानं पंचवीसेक किलोमीटर गेलं की उतारावर द्राक्षमळ्यांच्या ओळी पार पाण्यापर्यंत उतरलेल्या दिसतात. हे श्टेफा.

या गावात १७३७ साली योहान याकोब बोडमर जन्मला. झुरिकच्या साहित्याच्या इतिहासात याच नावाचा एक मोठा माणूस भेटतो, पण तो वेगळा. आपला बोडमर कारखानदार आणि गावचा खजिनदार. कारखानदार म्हटल्यावर धुरांडं डोळ्यांसमोर आणू नका. त्या काळी या भागातला कारखानदार म्हणजे घरोघर काम वाटणारा आणि झालेला माल गोळा करणारा माणूस.

ते काम कसं चालायचं, हे जरा सावकाश बघू. कारण सगळी गोष्ट या सुतालाच बांधलेली आहे.

हा चरखा बघा. उजव्या हातानं चाक फिरतंय, डाव्या हातातल्या पेळूतून धागा निघतोय आणि चातीवर गुंडाळला जातोय. चिमूट जरा सैल पडली की धागा जाड, घट्ट झाली की तुटलाच. अठराव्या शतकाच्या अखेरीस झुरिकच्या मुलखात असे तीस हजारांहून जास्त हात कापूस कातत होते. शेती तुटपुंजी, म्हणून बाई कातायची, पोरं कातायची, हिवाळ्यात बापही चरख्यावर बसायचा. लड भरली की ती विणकराकडे. तळघरातल्या मागावर धोटा इकडून तिकडे धावायचा आणि मलमल उतरायची.

एवढं सगळं खेड्यात व्हायचं. पण कच्चा कापूस घ्यायचा तो शहरातल्या व्यापाऱ्याकडूनच, आणि तयार कापड द्यायचं तेही शहरातल्याच व्यापाऱ्याला. परदेशी विकायचा हक्क फक्त शहराच्या नागरिकांना. ज्याच्या घरात माग, त्याला बाजार बंद.

आता लिमात नदीच्या काठावरची ही दगडी इमारत. झुरिकचं राटहाउस, म्हणजे नगरसभागृह, १६९८ साली पूर्ण झालेलं. शहरावर आणि भोवतालच्या खेड्यांवर राज्य करणारी २१२ जणांची सभा इथे बसायची. शहराची वस्ती दहा हजारांच्या आसपास, खेड्यांची तिच्या कितीतरी पट. पण सभेत खेड्याचा एकही माणूस नाही. खेड्यातल्या मुलानं कितीही शिकायचं म्हटलं तरी पाद्री व्हायची वाट त्याला बंद, सैन्यातला अधिकारीही होता यायचं नाही.

श्टेफात तेव्हा वाचन मंडळ होतं. राज्यक्रांतीच्या फ्रान्समध्ये काय चाललंय ते तिथे वाचलं जायचं, बोललं जायचं. १७९४ साली मंडळातल्या लोकांनी सरकारसाठी एक अर्ज तयार करायला घेतला. लिहिणारा हाइनरिख नेहराखर. घरं उबदार ठेवणाऱ्या फरशांच्या शेगड्या घडवणारा, मातीत हात घालणारा कारागीर. अर्जात दगडफेकीची भाषा नाही. राज्यकर्त्यांना ‘देशपिते’ म्हटलंय आणि मागितलंय काय, तर शहराला आणि खेड्याला एकच राज्यघटना, व्यापाराची मोकळीक, शिकायची मोकळीक. अर्ज द्यायच्या आतच शहराला त्याचा सुगावा लागला. १७९५च्या जानेवारीत नेहराखर आणि गावचा शल्यवैद्य फेनिंगर, दोघांनाही हद्दपारी झाली.

बोडमर पुढे आला तो यानंतर. वय अठ्ठावन्न, चार पैसे गाठीला, गावात मान. त्याला गप्प बसता आलं असतं.

जुनी माणसं सांगायची की खेड्यांना कधीकाळी हक्कांच्या सनदा मिळाल्या होत्या. एक १४८९ सालची. झुरिकचा महापौर हान्स वाल्डमन याच्या कारभाराविरुद्ध खेडी उठली, त्याचा शिरच्छेद झाला आणि मग तडजोडीचं पत्र लिहून दिलं गेलं. दुसरी कापेलच्या लढाईत झुरिक हरलं त्यानंतरची, १५३१-३२ मधली. बोडमर आणि गावकऱ्यांनी या सनदांचा शोध सुरू केला आणि शेजारच्या क्युसनाख्ट गावात कागद सापडले. जुनं दप्तर उघडताना हात कसा थरथरतो, हे ज्यांनी जमिनीचे जुने कागद शोधलेत त्यांना सांगायला नको.

१७९५च्या मे महिन्यात गावसभेनं सरकारला एकच गोष्ट विचारायची ठरवली: या सनदा अजून लागू आहेत का?

उत्तर आलं ५ जुलैला. रविवार होता. सुमारे दोन हजार सैनिक श्टेफात उतरले. गावाची शस्त्रं काढून घेतली गेली. या चढणीवरून, या गल्ल्यांतून ते आले.

बोडमरला फाशीच व्हावी, असं शहरातल्या अनेकांचं म्हणणं होतं. हा सेंट पीटर चर्चचा घड्याळ-मनोरा, युरोपातल्या चर्चमधली सगळ्यात मोठी तबकडी याच्यावर आहे. इथले पाद्री लाफाटर यांनी दयेसाठी रदबदली केली. आपल्याकडे शिक्षकांच्या अभ्यासक्रमात ज्यांचं नाव येतं ते पेस्टालॉझीही श्टेफाच्या बाजूनं बोलले. जन्मठेप झाली. पण सप्टेंबरात बोडमरला वधस्थळी नेण्यात आलं आणि जल्लादानं त्याला न मारता, फक्त खूण म्हणून, त्याच्या डोक्यावरून तलवार फिरवली. गावातल्या आणि आसपासच्या दोनशेहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या.

‘आल्टे क्रोने’ नावाचं हे घर. १७९७च्या शरदात जर्मन कवी गटे इथे मुक्कामाला होता. खिडकीतून हेच सरोवर. बोडमर तेव्हा तुरुंगात होता.

फ्रेंच फौजा स्वित्झर्लंडच्या दाराशी आल्या आणि २९ जानेवारी १७९८ रोजी बोडमर सुटला. त्याच वर्षी फ्रेंचांच्या पाठबळानं स्वित्झर्लंडमध्ये नवं राज्य, हेल्व्हेटिक प्रजासत्ताक, आलं आणि गावचा खजिनदार सिनेटर झाला. फेनिंगर तर झुरिक प्रांताचा कारभारी झाला. पुढे १८०३ साली शहरानं बरंचसं परत मिळवलं. खेड्यांचा हक्क पक्का व्हायला १८३० सालची उस्टर गावातली खेडुतांची सभा आणि १८३१ची राज्यघटना यावी लागली. बोडमर १८०६ साली वारला.

हे गावातलं स्मारक १८९८चं, सुटकेला शंभर वर्षं झाली तेव्हाचं. आज इथे शाळेची मुलं डबे उघडून बसलीयत.

नेहराखर परत आला नाही. गावची माणसं सुटली त्याच्या आदल्या वर्षीच, हद्दपारीत, तो गेला. तिशी नुकतीच ओलांडली होती.