आरशावर चिकटवलेला ब्रूस ली

हा आरसा बघा. मेकअपची खोली आहे, समोर एक माणूस बसलाय. आरशात चेहरा ब्रूस लीचा. आता जरा नीट बघा. माणूस हलतोय, चेहरा मात्र ढिम्म. कारण तो चेहरा नाहीच. ब्रूस लीचा फोटो कापून लावलाय.

१९७८चा ‘गेम ऑफ डेथ’. ब्रूस लीला जाऊन पाच वर्षं झाली होती. १९७२मध्ये त्याने यासाठी काही मारामाऱ्या चित्रित करून ठेवल्या होत्या. त्यातल्या काही मिनिटांभोवती नवी गोष्ट रचली आणि बाकी काम गॉगल लावलेल्या तोतयांकडून करून घेतलं. त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेची दृश्यंही त्यात घातली. ती मला आजही बघवत नाहीत.

आणि हा तर मोठ्या कंपनीचा चित्रपट. खालच्या गल्लीत काय चाललं होतं?

२० जुलै १९७३ला ब्रूस ली हाँगकाँगमध्ये गेला, तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. कुंग फूचे त्याचे पूर्ण झालेले चित्रपट चार. मागणी मात्र जगभरातून. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना? इथे निर्माते खरोखरच चरवी घेऊन बसले.

हाँगकाँग आणि तैवानमध्ये स्वस्तातली कुंग फू चित्रपटांची भट्टी आधीपासून पेटलेलीच होती. शूटिंगच्या वेळी आवाज रेकॉर्डच करायचा नाही, त्यामुळे कोण कुठल्या भाषेत बोलतंय याची फिकीर नाही. संवाद नंतर डब करायचे. ठोशाचा तो ‘फाट्’ आवाजही नंतरचाच. ठोसा हवेत गेला तरी कानाला तो बसतो. हाणामारी संथ वाटली तर कॅमेऱ्याचा वेग उतरवायचा, सेकंदाला २४ऐवजी २२ किंवा २० फ्रेम. दाखवताना मात्र वेग नेहमीचा २४च, म्हणून पडद्यावर हात आपोआप सुसाट. मारामारी मोकळ्या माळावर घेतली की सेटचा खर्चही वाचला. पार्श्वसंगीत? दुसऱ्याच्या रेकॉर्डवरून बिनदिक्कत उचललेलं.

आता या भट्टीत फक्त ब्रूस लीसारखा एक चेहरा हवा होता. तसे केस, तसा गॉगल, अंगठ्याने नाक पुसायची तीच लकब.

१९७७च्या एका चित्रपटात तर मेलेला ब्रूस ली पाताळात पोचतो आणि तिथे त्याला ड्रॅक्युला, जेम्स बाँड आणि पालक खाणारा पॉपायही भेटतो! लिहिणाऱ्याची हिंमत म्हणायची.

या सगळ्या तोतयांत मला वाईट वाटतं ते हो चुंग-ताओचं. तैवानचा, जिम्नॅस्टिक्समध्ये तयार झालेला. अंगात खरी चपळाई, चेहराही बोलका. स्वतःच्या नावावर चार चित्रपट सहज चालवले असते. पण पोस्टरवर त्याचं नाव पडलं ब्रूस लि. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटच्या दोन ‘ई’ऐवजी एक ‘आय’, फरक एवढाच.

ब्रूस ली. ब्रूस लि. मी वाचून दाखवलं तरी तुम्हाला कळलं का, यातला कोणता तो?